पाठीवर हात पडेपर्यंत

देवाला मी निवेदन द्यायचे. प्रार्थना मला कधी जमलीच नाही. हात जोडले की डोक्यात आपोआप विषय तयार व्हायचा, त्याखाली क्रमवार मागण्या, आणि शेवटी, तोंडानं कधी म्हटलं नाही पण मनात असायचंच, की वरील मागण्या मान्य न झाल्यास आम्हाला तीव्र आंदोलन करावं लागेल. अशी मी. वय चोवीस, अंबरनाथ पूर्वेला राहते, पत्रकं लिहिते. पाण्याच्या वेळा, बंद पडलेले दिवे, उघडी गटारं, ज्यावर लिहायला कोणी तयार नसतं त्यावर मी एका बैठकीत दोन पानं लिहून देते. माझ्यासारखीनं आध्यात्मिक अनुभव लिहायला घ्यावा म्हणजे आमच्या ओळखीतले हसतील. हसू देत. ज्याचं श्रेय त्याला द्यावं, एवढा प्रामाणिकपणा पत्रकं लिहिणाऱ्यांतही असतो. आणि हे श्रेय मी माझ्या नावावर लावून घेतलं तर ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप होईल.

मी खो-खो खेळते, तेही शाळेपासून. आमचं मैदान म्हणजे तिन्ही बाजूंना इमारती आणि मधे लाल मातीचा एक तुकडा. संध्याकाळी तिथे मुलांचं टेनिस बॉलचं क्रिकेट चालायचं आणि मुलींनी कडेकडेनं जायचं, बॉल लागला तर वर ऐकूनही घ्यायचं, “बघून चाला ना मॅडम.” तीन वर्षांपूर्वी मी एक पत्रक काढलं, घरोघर फिरून सह्या घेतल्या, मैदान सांभाळणाऱ्या मंडळाच्या दारात पंचवीस मुली आणि त्यांच्या आया उभ्या केल्या, आणि संध्याकाळी पाच ते सात हे दोन तास मुलींच्या खो-खोसाठी मिळवले. मिळवले म्हणजे तोंडी. “लिहून द्या” म्हटल्यावर मंडळाचे अण्णा म्हणाले, “अगं, आपल्याच पोरी ना तुम्ही, त्यात लिहायचं काय?” तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण त्या दोन तासांत आमचा संघ उभा राहिला. ज्यांना घरातून दूध आणायला सुद्धा एकटं सोडत नव्हते त्या मुली अर्ध्या चड्डीत, गुडघ्यांना पट्ट्या बांधून, मातीत सूर मारायला लागल्या. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा ते मोठं काम होतं, हे मी लिहून देते.

आणि त्या कामावर बोळा फिरवला तोही मीच.

ज्यांनी खो-खो शाळेनंतर पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी मधल्या पाटीवर एका रांगेत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पळते. तिला रांग ओलांडून पलीकडे जाता येत नाही. समोरची खेळाडू पलीकडे निसटली की नववीनं बसलेल्या एकीच्या पाठीवर हात मारायचा, “खो” म्हणायचं, आणि तिच्या जागी बसायचं. मग जिला खो मिळाला तिनं उठायचं. नियम एवढाच, की खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. ऐकायला हे अगदी बालवाडीतलं वाटतं. पण तुम्ही टाच उचलून, बोटं मातीत रुतवून बसलेल्या असता, जिला बाद करायचं ती तुमच्या डोळ्यांसमोरून, कधी कधी हातभर अंतरावरून जाते, आणि तुम्हाला उठायची परवानगी नसते. परवानगी मागून येणार असते. ती कधी येणार, कोणाच्या हातानं येणार, हे तुम्हाला दिसत नसतं.

मला हे कधी सहन झालं नाही. अन्याय समोरून चालत जातोय आणि मी बसून राहायचं? माझं शरीरच तसं घडलेलं नाही. गेल्या वर्षी बदलापूरच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्यांची खेळाडू माझ्यासमोर आली आणि मी खो मिळायच्या आधीच उठले. पंचांची शिट्टी वाजली, नियमाप्रमाणे पाठलाग उलट दिशेला वळवावा लागला, ती हसत निसटली आणि आम्ही एका गुणानं हरलो. सामन्यानंतर प्राजू, म्हणजे आमची प्राजक्ता, बदलापूरजवळच्या एका गावातली, रांगेत माझ्या शेजारी बसणारी आणि मैदानावर माझा उजवा हात, ती बुटाची नाडी सोडवताना म्हणाली, “आगो, मी हात लावाचे आधीच तू उठतंस. मंग मी खो कोणाला देव, वाऱ्याला?”

यंदा स्पर्धेच्या महिनाभर आधी अण्णांनी मला बोलावून घेतलं. चहा दिला, खुर्ची दिली, आणि मग म्हणाले, “हे बघ, मैदानाला जाळी मारून भाड्यानं देऊ म्हणणारे माझ्याकडे रोज येतायत. मी त्यांना सांगतो, आमच्या पोरी खेळतात. ते विचारतात, काय जिंकल्या? मग मी काय सांगू? यंदाही हात हलवत आलात तर ते दोन तास मला राखता येणार नाहीत.” मी चहा तसाच ठेवून उठले. मुलांनी वीस वर्षं त्या मातीत बॅट फिरवली, त्यांना कधी कोणी चषक दाखव म्हटलं नाही. मुलींनी मात्र आपल्याच मैदानावर पाय ठेवायला चषक आणायचा. हे मी तिथेच बोलले, जोरात बोलले, आणि आजही बोलते. पण घरी येताना एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. अण्णांच्या हातात हे हत्यार दिलं कोणी? माझ्या त्या उठण्यानं.

मग मी स्वतःला सुधारायला घेतलं, आणि ते सुद्धा मोहिमेसारखं. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बसून राहा!’ आरशावर चिकटवलं. सरावाला रांगेत बसले की मनातल्या मनात घोषणा सुरू, बसून राहा, बसून राहा. परिणाम असा झाला की प्राजूनं खो दिला तरी मी घोषणेतच अडकलेली, आणि उठेपर्यंत समोरची खेळाडू तीन जागा पुढे गेलेली. चूक न करण्यासाठी मी इतकी धडपडत होते की खेळायला जागाच उरली नव्हती. आमच्या प्रशिक्षक वंदनाताई एमआयडीसीत एका कंपनीत पहिल्या पाळीला असतात, पहाटे उठून सगळं आवरून संध्याकाळी मैदानावर येतात, त्यामुळे त्यांच्याकडे शब्द मोजके असतात. त्या दिवशी त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाल्या, “लोकलमधून आधी अलीकडच्या विठ्ठलवाडीलाच उतरायचीस, आता थेट पुढच्या बदलापूरला. बाई, मधे अंबरनाथ नावाचं स्टेशन आहे की नाही तुझ्या रुळावर?” सगळ्या पोरी हसल्या. मी हसले नाही. सामन्याला सात दिवस होते आणि त्यांनी मला पहिल्या नऊत ठेवायचं की नाही हे अजून ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी सकाळीच आमच्या जुन्या शिवमंदिरात गेले. भक्तीनं गेले असं म्हणणार नाही. भांडायला गेले. मैदानाच्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी रीतसर लिहून नेलं होतं. एक, माझी चूक या सामन्यात होऊ देऊ नये. दोन, मुलींचे दोन तास कायम राहावेत. तीन, अण्णांना सद्बुद्धी. आईनं बेलाची पानं दिली होती ती एका मुठीत, निवेदन दुसऱ्या मुठीत.

ज्यांनी ते देऊळ पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, तिथे देव उंचावर नाही, खाली आहे. सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. पायऱ्या दगडी, ओल्या, आणि वाट इतकी चिंचोळी की खालचे वर येताना वरच्यांनी थांबावं लागतं. त्या दिवशी पायऱ्यांच्या तोंडाशी एक म्हातारी बाई घडी घातलेल्या गोणपाटावर बसली होती. पांढरा सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, एका गुडघ्याला पट्टा. बोलण्यावरून उल्हासनगरची सिंधी. सगळे तिला दादी म्हणत होते, आणि तिची एक पद्धत होती. लोकांना आपल्यापुढे, गाभाऱ्याकडे तोंड करून बसवायचं, खालून लोक वर आले की मागून एकेकाच्या पाठीवर तळवा टेकायचा, आणि ज्याच्या पाठीवर हात पडेल त्यानं उतरायचं. मी हे सगळं पाहिलं आणि अर्थातच थांबले नाही. जिना रिकामा दिसला, उतरले. चौथ्या पायरीवर खालून येणाऱ्या एका काकांच्या तांब्याला माझा खांदा लागला आणि सगळं तीर्थ त्यांच्या शर्टावर.

“काय घाई आहे? देव पळून चाललाय का?” काका ओरडले. मी वर परत आले तर दादी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. आमच्या वंदनाताई शिट्टी वाजवल्यावर बघतात तशी.

“पुट, बेटा, तेरे को किसीने बुलाया था क्या?”

“तुम्हाला इथे कोणी नेमलंय?” मी विचारलं. सवय.

“किसीने नहीं,” ती म्हणाली. “तेरे को किसने नेमा है, धक्का मारने को? चल बैठ. इधर. मेरी तरफ पीठ करके.”

लोक बघत होते म्हणून बसले. मांडी घालायला जागा नव्हती, तेव्हा उकिडवी बसले, पाठ तिच्याकडे, तोंड एका खांबाकडे. आणि दादीनं मला तसंच बसवून ठेवलं. माझ्या उजवीकडचा गेला, डावीकडची गेली, नंतर आलेली एक नवी नवरी गेली, तिची सासू गेली. माझ्या पाठीवर हात नाही. पहिली पाच मिनिटं मी मनातल्या मनात पत्रक लिहीत होते, ‘मंदिरातील मनमानी थांबवा’, त्याचा पहिला परिच्छेद पूर्णही झाला. मग दुसऱ्या परिच्छेदात शब्द संपले. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. घोषणा संपल्यावर आत काय असतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. आत काही नव्हतं. म्हणजे श्वास होता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, दोन थेंबांमधे मोठी शांतता होती. अनवाणी पायांचा आवाज, वर येणारे जड, खाली जाणारे हलके. समोरच्या खांबावर एक कोरलेली बाई होती, चेहरा झिजून सपाट झालेला, पण एक पाय उचललेला आणि सगळं अंग त्या एका पायावर तोललेलं. नऊशे वर्षांहून जास्त काळ ती तशी उभी आहे. तिला पुढचं पाऊल टाकायची घाई नाही, आणि ती सुस्तावलेलीही नाही. बोटं दगडात रुतलेली, टाच तयार. मला कोणी सांगितलं नाही, पण ते मला शरीरात कळलं, की थांबणं म्हणजे अडणं नाही. ती अडलेली नव्हती. ती तयार होती.

किती वेळ गेला माहीत नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्या होत्या, त्याही मी नुसत्या बघत होते. आणि मग पाठीवर हात पडला. खांद्याच्या खाली, मधोमध, चांगला वजनदार, ऊब असलेला हात.

मी उठले असं मला म्हणता येत नाही. उठणं झालं. उठू की नको हा विचार यायच्या आतच मी सातव्या-आठव्या पायरीवर होते, पाय आपापले दगड शोधत होते, एकदाही घसरले नाहीत. खाली गाभाऱ्यात वरून पडणाऱ्या उजेडात पिंडीवरचं पाणी चमकत होतं. मी बेल वाहिला, कपाळ टेकलं आणि वर आले. देवळाबाहेर आल्यावर लक्षात आलं की दुसऱ्या मुठीतलं निवेदन मुठीतच राहिलं, घामानं भिजून त्याची शाई माझ्या तळहाताला लागली होती. मागण्यांची आठवणच झाली नव्हती. दादीला भेटावं म्हणून परत आत गेले तर गोणपाट होतं, दादी नव्हती. मनात आलं ते आलं, खोटं कशाला बोलू. देवच हात ठेवून गेला की काय, असं वाटलं.

त्या संध्याकाळी सरावाला मी घोषणा न देता बसले. पाचव्या दिवशी वंदनाताईंनी यादी लावली, त्यात माझं नाव होतं, रांगेतल्या तिसऱ्या जागेवर, त्याच जागेवर जिथून मी गेल्या वर्षी उठले होते. “तिथेच का?” मी विचारलं. “कारण त्यांना माहितीये तू तिथे उठतेस,” त्या म्हणाल्या. “त्या तिकडेच येतील.”

अंतिम सामन्यात पुन्हा बदलापूरचा संघ, पुन्हा त्यांचंच मैदान. चारी बाजूंना माणसं, मांडवात पहिल्या रांगेत आमचे अण्णा पाहुणे म्हणून गळ्यात उपरणं घालून बसलेले. शेवटची सात मिनिटं आमच्या पाठलागाची होती आणि आम्हाला जिंकायला नऊ गडी बाद करायचे होते. मी कुठलाही नवस बोलले नाही. बसताना फक्त त्या खांबावरच्या बाईची टाच आठवली. आमच्या पोरी त्या दिवशी काय खेळल्या ते मी शंभर पत्रकांतही लिहू शकणार नाही. एक गेली, तीन गेल्या, प्राजूनं मैदानाच्या टोकाच्या खांबावर झेप घेऊन पाचवी टिपली. मिनिटभर उरलं तेव्हा आठ बाद झाल्या होत्या. बरोबरी. मैदानात त्यांची एकच उरली, तीन-तीन जणींच्या तुकड्यांतल्या तिसऱ्या तुकडीतली शेवटची, सडपातळ, लांब वेणी कमरेला खोचलेली. गेल्या वर्षी माझ्यासमोरून हसत निसटली होती तीच.

ती आठ जणींच्या रांगेतून सुईतल्या दोऱ्यासारखी फिरत होती. खो, खो, खो, आमच्या सगळ्या जणी बदलून झाल्या, तिचा श्वासही फुललेला दिसत नव्हता. वीस सेकंद उरल्याचं कोणीतरी ओरडलं. आणि वंदनाताई म्हणाल्या होत्या तसंच झालं. ती माझ्यासमोर येऊन थांबली. हातभर अंतर. तिच्या गुडघ्यावरची माती मला दिसत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, भुवई उडवली, आणि जरा पुढे झुकली, म्हणजे ये की, उठ की. चहूकडून ओरडा. आमच्याच बाजूनं कोणीतरी किंचाळलं, “उठू नको गं!” मला ते सगळं ऐकू येत होतं, जसं देवळात पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. राग नव्हता. मैदान नव्हतं, अण्णा नव्हते, गेलं वर्ष नव्हतं. समोर एक मुलगी होती, माझ्यासारखीच घामेजलेली, आणि मागून काहीतरी येणार होतं. येईल तेव्हा येईल. नाही आलं तर मी बसून राहीन. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

ती माझ्या चुकीवर टेकून उभी होती. तिचं सगळं वजन माझ्या घाईच्या भरवशावर होतं. ती घाई आलीच नाही, आणि क्षणभर, अर्धा क्षण म्हणा, तिला टेकायला काही उरलं नाही.

तेवढ्यात पाठीवर हात पडला. खांद्याच्या खाली, मधोमध.

पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी पोटावर पडले आहे, तोंडात माती आहे, हात पुढे पसरला आहे आणि माझी तीन बोटं तिच्या टाचेवर आहेत. शिट्टी. मग प्राजू माझ्या अंगावर येऊन पडली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि त्या ढिगाच्या तळाशी मी रडतेय की हसतेय हे मलाही कळत नव्हतं. “मी खो वरडलं त्ये आयकू तरी आला का तुना?” प्राजू कानात ओरडली. मी मान हलवली. मला ऐकू आला नव्हता. फक्त हात आला होता. वेणीवाल्या मुलीनं मला हात देऊन उठवलं आणि म्हणाली, “तू बदललीस कधी?” मी म्हटलं, “मागच्या सोमवारी.”

नंतर कोणीतरी मोबाइलवर घेतलेला तो क्षण आम्ही सगळ्यांनी डोकी जवळ आणून पाहिला. मला वाटलं होतं मी विजेसारखी उठले असेन. छे. मी सावकाश उठलेय. अगदी निवांत, घरात पाणी आणायला उठतात तशी. आणि तरी ती सुटलेली नाही. वंदनाताईंनी तेवढाच तुकडा तीनदा बघितला आणि म्हणाल्या, “लागलं बाई अंबरनाथ.”

अण्णा मांडवातून उठून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, “जिंकलात बुवा. घ्या तुमचे दोन तास.” मी माती झटकत म्हटलं, “लिहून द्या.” “अगं, आत्ता?” “आत्ता.” कागद कुठे आहे म्हणून ते इकडे तिकडे बघायला लागले, तर माझ्या पिशवीत ते भिजून वाळलेलं पत्रक होतं, मागे पुसट झालेल्या तीन मागण्या. त्याच्याच कोऱ्या कोपऱ्यावर त्यांनी लिहून दिलं, सही केली, मंडळाचा शिक्का दुसऱ्या दिवशी मारून दिला. तो कागद आता आमच्या मैदानावरच्या खोलीत काचेत लावलाय. ज्याला शंका असेल त्यानं येऊन वाचावा. तिसऱ्या मागणीबद्दल अण्णांनी अजून विचारलेलं नाही.

पुढच्या सोमवारी मी पेढे घेऊन देवळात गेले. मला वाटत होतं दादी नसणारच. असल्या गोष्टींत ती व्यक्ती पुन्हा कधी दिसत नाही, असंच सगळे सांगतात. दादी होती. त्याच गोणपाटावर, तोच गुडघ्याचा पट्टा, एका बाईला दटावत, “चप्पल हाथ में लेके किधर जाती है?” मी तिच्या पाया पडले, सगळं सांगितलं, खो-खो, गेलं वर्ष, खांब, हात, टाच, सगळं. ती पेढा खात ऐकत होती. शेवटी म्हटलं, “दादी, तुम्ही त्या दिवशी मला इतका वेळ मुद्दाम बसवून ठेवलंत ना? तुम्हाला कळलं होतं ना, मी कधी तयार झाले ते?”

दादीनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग तिला आठवलं, आणि तिनं कपाळावर हात मारला.

“अरे पुट, वो तू थी? मैं तो तेरे को भूल गई थी!” ती म्हणाली. “चाय पीने जाना था, घुटना अकड़ गया था, उठने को कुछ पकड़ने को नहीं था. तेरी पीठ सामने थी, हाथ रखके उठ गई. तू तो ऐसे भागी नीचे, मैं गिरते गिरते बची!”

आम्ही दोघी किती हसलो. रांगेतली माणसं बघायला लागली. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. कारण मला तेव्हा कळलं ते त्या हातापेक्षाही मोठं होतं. ती विसरली होती. तिला देण्यासारखं काही आहे हे तिला माहीत नव्हतं, गुडघा दुखत होता म्हणून तिनं आधार घेतला, आणि त्या आधार घेण्यातून मला आधार मिळाला. ही योजना कोणाची, हे मी सांगणार नाही. मला त्यावर वाद घालायचा नाही, आणि वाद घालणं हा माझा धंदा असूनही नाही. मी एवढंच म्हणते, की हात पडला. मी बसलेली होते म्हणून पडला. त्या दिवशी मी नेहमीसारखी उठून गेले असते तर दादीचा हात हवेतच राहिला असता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहून ठेवते, कारण आपल्याकडे शरण जा, धीर धरा, वाट बघा हे नेहमी मुलींनाच सांगितलं जातं. ज्यांना आम्ही गप्प बसायला हव्या असतो त्यांनी हा अनुभव आम्हाला वाचून दाखवू नये. रांगेत बसलेली खेळाडू गप्प बसलेली नसते. तिची टाच उचललेली असते. ती सगळं बघत असते. तिनं सोडलेलं असतं ते फक्त एक, आपल्या हातात नसलेलं आपल्या हातात आहे हा हट्ट. माझ्यापुरता शरणागतीचा अर्थ तेवढाच आहे आणि तो मला पुरेसा आहे. पत्रकं मी अजून लिहिते. परवाच गटारांवर लिहिलं, चांगलं झणझणीत. पण आता लिहायला बसण्याआधी थोडा वेळ नुसती बसते, आणि शब्द आपोआप उठतात.

त्या दिवशी निघताना दादीनं ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, “दर्शन किया आज?”

“नाही अजून.”

“तो बैठ. इस बार याद रखूँगी.”

मी तिच्याकडे पाठ करून बसले. समोर खांब होता, त्यावर ती बाई एका पायावर तोललेली. खाली पाणी ठिबकत होतं. मला काहीही मागायचं नव्हतं. दादी लक्षात ठेवेल की विसरेल, याचीही मला काळजी नव्हती.